घोर, नोटीस आणि टेन्शन

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघालं की वाटेत मोताळा लागतं. कपाशी, मका, सोयाबीन, तूर असा हा मुलूख. वऱ्हाडी बोलीला इथे खानदेशी वळण मिळतं आणि या बोलीत मनाच्या बेचैनीसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. जिवाले घोर लागते, जीव घाबरते, जीव लागत नाही, कसंतरीच होते. तरीही पाऊस लांबला, कापसाचा भाव पडला किंवा पोरीचं लग्न तोंडावर आलं की आज ओठावर येतो तो इंग्रजी शब्द, ‘लय टेन्शन हाये’. शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईही तो वापरतात आणि तो परका आहे असं कुणाला वाटत नाही.

हा शब्द मराठीत जागा रिकामी होती म्हणून आला, असं मुळीच नाही. जेम्स मोल्सवर्थने पंडितांच्या मदतीने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला तो १८३१ मध्ये. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ त्याचे सहकारी. प्रकृती ढासळली म्हणून मोल्सवर्थ मायदेशी गेला, पुन्हा मुंबईस आला आणि १८५७ मध्ये सुमारे ६० हजार शब्दांची दुसरी आवृत्ती निघाली. काळजी, चिंता, हुरहूर, रुखरुख, चुटपुट, धास्ती, तळमळ अशा शब्दांच्या छटा इंग्रजीत उतरवणं हे केवढं कष्टाचं काम असेल! गोष्ट हातून निसटल्यावर लागते ती चुटपुट. मनात सलत राहते ती रुखरुख. पुढे काय होईल या भयाने घेरते ती धास्ती. थॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश उलट्या दिशेचा. तिथे एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्दांची रांग उभी करावी लागली.

त्या काळी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा घोर मुख्यतः आभाळाचा होता आणि तो चारचौघांत बोलला जाई. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी आजही याची साक्ष देते. शेतात घट आखून त्यात अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मध्यभागी पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कुठे सरकले, ढेकळं किती भिजली, हे पाहून पाऊसपाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगितलं जातं. ते ऐकायला दूरदूरहून शेतकरी जमतात. भाकीत खरं ठरण्याला शास्त्रीय आधार नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. पण वर्षाची धाकधूक शेकडो लोकांनी एकाच शिवारात, एकत्र उभं राहून अनुभवावी, ही सोय त्या प्रथेत आहे.

मग कापूस आला, म्हणजे त्याचा बाजार आला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. मलकापूरवरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगावला फाटा निघाला. लिव्हरपूलचा भाव तारेने वऱ्हाडच्या बाजारात कळू लागला. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. ज्या घडामोडीचा आपल्या शेताशी काही संबंध आहे हे शेतकऱ्याला ठाऊकही नव्हतं, तिने त्याचं वर्ष बुडवलं. पुढे शतकाच्या शेवटी, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये, दोन दुष्काळ पडले.

वऱ्हाडी माणसाच्या पोटात गोळा आणणारे परके शब्द या काळात रुळले. जप्ती आणि तगादा फारसीमार्गे आधीच आले होते, लिलाव पोर्तुगीजांकडून. त्यांच्या जोडीला इंग्रजी अमलात कोर्ट, समन्स आणि नोटीस हे शब्द येऊन बसले. काळजीच्या कारणांची इंग्रजी नावं आधी गावात शिरली. काळजीचं इंग्रजी नाव यायला पुढे शंभरएक वर्षं गेली. हा क्रम ध्यानात घेतला तर ‘टेन्शन’ म्हणजे टीव्हीमुळे आलेली फॅशन, हा समज टिकत नाही.

काळजीसाठीचे इंग्रजी शब्दही मूळचे मनाचे नव्हेत. ‘वरी’चा जुना अर्थ गळा आवळणं. पुढे कुत्र्याने मेंढीचं नरडं धरून तिला झिंजाडणं, मग सतावणं, आणि चिंता हा आजचा अर्थ रुळला तो एकोणिसाव्या शतकात. ‘अँग्झायटी’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थही आवळणं, घुसमटवणं. ‘टेन्शन’ म्हणजे ताण, दोरीचा किंवा तारेचा. ‘स्ट्रेस’ पदार्थविज्ञानातून शरीरशास्त्रात आणला तो हान्स सेल्ये या संशोधकाच्या कामाने; त्याचा गाजलेला पहिला टिपणवजा लेख १९३६ चा.

मोताळ्यासारख्या भागात ‘टेन्शन’ पोहोचलं ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. सिनेमा, दहावी-बारावीची परीक्षा आणि डॉक्टरचा दवाखाना या त्याच्या वाटा. दवाखान्यात ते ‘बीपी’ आणि ‘शुगर’ यांच्या पंगतीला बसलं आणि तिथेच त्याला प्रतिष्ठा मिळाली. कारण मनाच्या दुखण्याला आपल्याकडे दुसरं नाव होतं ते वेडाचं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं, पण लोकांच्या तोंडी ‘पागलखाना’च. बुलढाणा जिल्ह्यातच पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. मन बिघडलेल्या माणसांना घेऊन नातेवाईक कित्येक पिढ्या तिथे येत आहेत. बाधा किंवा वेड, या दोन टोकांमध्ये साध्या त्रासलेल्या माणसाला उभं राहायला जागा नव्हती. ती टेन्शनने दिली. विशेषतः पुरुषांना. घालमेल होतेय असं चावडीवर बोलायला कर्त्या बाप्याला संकोच वाटतो. टेन्शन आहे, हे तो पानठेल्यावरही सांगतो. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लेस्ली जो वीव्हर यांनी उत्तर भारतातल्या बायकांच्या बोलण्यातल्या ‘टेन्शन’चा अभ्यास केला आहे, म्हणजे ही गोष्ट एकट्या वऱ्हाडाची नाही.

या शब्दाचा धोकाही तितकाच खरा आहे. पेपरची धास्ती आणि सावकाराचा तगादा, दोन्हींना एकच नाव पडलं की ऐकणारा ‘टेन्शन नको घेऊ राजा’ म्हणून पुढे जातो. सांगणाऱ्याला कदाचित कित्येक आठवडे झोप लागलेली नसते. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत बुलढाणा होता. पॅकेजमध्ये व्याजमाफी होती, सिंचन होतं. शेतकऱ्यांच्या मनाचा विचार सरकारी पातळीवर स्वतंत्रपणे झाला तो २०१५ च्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन त्रासलेली माणसं ओळखायची आणि त्यांना उपचारांपर्यंत न्यायचं, अशी त्याची आखणी.

अशा कामाचा उपयोग होतो हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दिसलं. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी मनाच्या ताणाबद्दल बोलायला सुरुवात केली, गरज असेल त्यांना समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे पाठवलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारांसाठी जात होते, ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. नैराश्य जोखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची यादी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते: झोप कशी आहे, भूक लागते का, कामात मन लागतं का, थकवा येतो का, जगणं नकोसं वाटतं का. ‘मन लागत नाही’ हे तर मोताळ्याच्या बाया कायमच म्हणत आल्या आहेत. आशाताईला ओसरीवर ‘टेन्शन’ ऐकू आलं की तिने विचारायचे ते हेच पुढचे प्रश्न. आणि ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू असलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलताही येतं.