जुन्या जीपला नव्या गाडीचे ब्रेक

जीपचा विषय निघाला की लोक इंजिनाबद्दल विचारतात. गाडी चढली कशी, हे सगळ्यांना ऐकायचं असतं. उतरली कशी, ते कुणी विचारत नाही. आज उतरण्याबद्दल बोलू.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप 60 अश्वशक्तीची, वजन सुमारे 1,100 किलो. चारही चाकांना 9 इंची ड्रम ब्रेक, तेही हायड्रॉलिक. त्या काळात हे मागासलेलं नव्हतं. हीच जीप बनवणाऱ्या फोर्डने स्वतःच्या मोटारींना हायड्रॉलिक ब्रेक दिले ते 1939 मध्ये! पुढे मुंबईत महिंद्राने जीप जोडायला आणि मग बनवायला घेतली. उंच बॉनेटची ‘सीजे-थ्री-बी’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिची ताकद वाढली, ब्रेक मात्र त्याच घराण्यातले राहिले.

ड्रमचं दुखणं घाटात कळतं. सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतो, तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. पेडल खाली जात राहतं आणि गाडी पुढे. म्हणून आम्हाला शिकवण एकच होती: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. नाला ओलांडला की पाणी ड्रममध्ये शिरलेलं असतं. मग थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवायचं, लायनर सुकवायचे. फौजेतल्या ड्रायव्हरचा पाय हे आपोआप करायचा.

डिस्क ब्रेकचं नाव गाजलं ते 1953 च्या ल मांच्या शर्यतीत. डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जग्वारने 24 तासांची ती शर्यत जिंकली. डिस्क उघडी असते, वाऱ्याने निवते, पाणी फेकून देते. अमेरिकेत जीपच्या पुढच्या चाकांना डिस्क मिळायला मात्र 1977 उजाडलं.

आता आपल्याकडचे हौशी लोक जुन्या जीपला बोलेरोची पुढची डिस्क बसवतात. हौस चांगलीच आहे. पण कॅलिपर बसला म्हणजे काम झालं, असं मेकॅनिक सांगत असेल तर त्याला चार प्रश्न विचारा.

ड्रममध्ये एक गंमत असते. चाक फिरताना पुढचा शू स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे पायाला मदत मिळते. डिस्कमध्ये ही मदत नाही. म्हणून तिला जास्त दाब लागतो आणि बूस्टर हवा. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला तेलही जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर तेवढं ढकलू शकला नाही तर पेडल जमिनीला टेकेल. शिवाय ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक झडप असते; ती पाय काढल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवते. ड्रमला ते सोयीचं, पण डिस्कला तोच दाब मिळाला की पॅड घासत राहतात. गाडी ढकलून बघा, जड लागेल. चौथा प्रश्न मागच्या चाकांचा. पुढची मागची वाटणी बिघडली आणि मागची चाकं आधी जाम झाली, तर ओल्या रस्त्यावर गाडीचं शेपूट पुढे येतं.

माझं मत विचाराल तर डिस्कच्या आधी दोन भागांचा मास्टर सिलिंडर घ्या. मूळ जीपची ब्रेकलाइन एकच. एक रबरी होज फुटला की चारही चाकं गेली. दोन भाग असले तर निदान दोन चाकं हाताशी राहतात. हा खर्च कुणाला दिसत नाही, फोटोतही येत नाही, म्हणून लोक तो टाळतात. डिस्क चाकातून चमकते ना!

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या फेरबदलांवर बंधनं आहेत. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही कळवा.

आणि एक राहिलं. विलीजचा हँडब्रेक चाकांना नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर आहे. ब्रेक ऑइलशी त्याचा संबंध नाही. तुमच्या जीपला तो मूळचा असेल तर डिस्कच्या उत्साहात काढू नका. त्याचे लायनर बदला, तार घट्ट करा, मगच गाडी उतारावर उभी करून बघा. चाकाखाली दगड ठेवून.