महामार्गाचं 'लँडस्केप प्लॅनिंग' म्हणजे नेमकं काय? रत्नागिरीच्या रस्त्यावरून समजून घेऊ

मुंबई-गोवा महामार्ग कधी पूर्ण होणार यावर आपल्या फीडमध्ये मीम्सची कमी नाही. चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आज कॉलेज संपवून नोकरी शोधतायत. पण हा लेख त्या उशिराबद्दल नाही. रत्नागिरी जिल्ह्यातून आता आणखी एक मोठा रस्ता आखला जातोय, 'कोकण द्रुतगती महामार्ग'. पेण तालुक्यातल्या बलवलीपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, सहा पदरी, पूर्णपणे नवीन जागेतून. हे काम रस्ते विकास महामंडळाकडे म्हणजे एमएसआरडीसीकडे आहे. अशा प्रकल्पाच्या सादरीकरणात 'लँडस्केप' आणि 'अर्बन डिझाइन' हे शब्द हमखास येतात. ऐकल्यावर डोळ्यांसमोर येतात ती दुभाजकावरची बोगनवेल आणि चौकातलं कारंजं.

प्रत्यक्षात त्या शब्दांचा अर्थ बराच मोठा आहे. रस्ता डोंगर कुठे आणि कसा कापणार, पावसाचं पाणी कुठे सोडणार, गावाच्या मधून जाणार की बाजूने, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत माणसं कशी जाणार, कोणती झाडं राहणार आणि कोणती नवी लागणार, हे सगळं त्यात येतं. थोडक्यात, गाडीच्या चाकाखाली जे नसतं ते सगळं.

आधी डोंगर

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. इथला जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या मऊ, चिकण थरावर साचतं. तो थर ओला होऊन सरकायला लागला की वरचा जांभाही खाली येतो. म्हणून इथे डोंगर सरळ उभा कापणं म्हणजे दरडीला आमंत्रण. कापायचाच असेल तर पायऱ्या पायऱ्यांनी कापायचा, माथ्यावर चर खणून वरचं पाणी बाजूला वळवायचं, आतलं पाणी बाहेर यायला वाट ठेवायची आणि उतारावर मुळं धरणारी झाडझुडपं लावायची, असा साधा नियम आहे. पण पायऱ्या करायच्या तर जास्त रुंद जमीन लागते. म्हणजे हा निर्णय भूसंपादनाच्या आधीच घ्यावा लागतो. नंतर जागाच उरत नाही, मग जाळ्या आणि काँक्रीटच्या भिंती येतात.

परशुराम घाट हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. वर परशुराम गाव, खाली पेढे गाव, मधल्या अरुंद उतारावर चौपदरी रस्ता. डोंगर कापला की वरच्यांना भीती, भराव टाकला की खालच्यांना. पावसाळ्याआधी काम उरकण्यासाठी 2022 च्या एप्रिल-मे महिन्यांत हा घाट रोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला होता.

वाईट याचं वाटतं की हा धडा कोकणाने आधीच शिकला होता, फक्त रेल्वेच्या रुळांवर. 2003 मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली आणि गाडी घसरून 50 हून जास्त प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ तसाच अपघात झाला. त्यानंतर कोकण रेल्वेने कापलेल्या डोंगरांचे उतार कमी केले, दगड अडवायला जाळ्या बसवल्या, उतारांवर वाळ्याचं गवत लावलं. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. ही कामं रेल्वे सुरू झाल्यावर वर्षानुवर्षं चालली.

मग गाव

महामार्ग गावाला भेटतो तेव्हा पर्याय तीन: बायपास, भरावावरचा उंच रस्ता किंवा खांबांवरचा पूल. भराव स्वस्त पडतो, पण गावाच्या मधोमध भिंत उभी राहते. बाजारपेठ एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला. शिवाय पुराचं पाणीही त्या भिंतीला अडतं, आणि 22 जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या चिपळूणला ते वेगळं सांगायला नको. खांबांवरचा पूल महाग, पण त्याच्याखालून माणसंही जातात आणि पाणीही. अर्थात तो नीट बांधला तर. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर 16 ऑक्टोबर 2023 ला उड्डाणपुलाचं काम सुरू असतानाच गर्डर आणि ते बसवणारं यंत्र कोसळलं.

नव्या द्रुतगती महामार्गाचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. तो दोन्ही बाजूंनी बंदिस्त असेल. कुठूनही चढता येणार नाही, कुठेही ओलांडता येणार नाही. कोकणातलं गाव मात्र वाड्यावाड्यांत विखुरलेलं असतं आणि वाड्यांना जोडते ती पाखाडी. ही पाखाडी सरकारी नकाशावर ठळक दिसेलच असं नाही. ती तुटली तर समोरच्या वाडीत जायला गाडीने मोठा वळसा. शिमग्यात पालखी घरोघर जाते. तिच्या वाटेवर भुयारी मार्ग आला तर त्याची उंची किती आणि जुलैत त्यात पाणी किती तुंबेल, हा अर्बन डिझाइनचाच प्रश्न आहे. हसू येईल, पण आराखड्यात हे आधी लिहिलं नाही तर नंतर कुणी पूल वर उचलून देत नाही.

सडा म्हणजे पडीक नव्हे

रस्ता आखणाऱ्याला जांभ्याचा सडा आवडतो. सपाट, घरं नाहीत, झाडं कमी. पण याच सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत आणि पऱ्यात येतं. पावसाळ्यात इथे फुलांचे गालिचे असतात आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांची काही ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

आणि शेवटी झाडं

केंद्राच्या 2015 च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्प खर्चाचा 1 टक्का झाडांसाठी ठेवायचं ठरलं. नियमही आहेत. दुभाजकावर समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून कण्हेरीसारखी झुडपं लावतात. ती गुरं खात नाहीत. वळणाच्या आतल्या बाजूला उंच झाडं नकोत, पुढचं दिसत नाही. मोठं खोड रस्त्याला चिकटून नको. जुन्या महामार्गावर सावली धरणारे वड आणि आंबे चौपदरीकरणात गेले. त्यांच्या बदली लावलेली रोपं किती जगली, हे लावलेल्या संख्येपेक्षा महत्त्वाचं. माझं मत विचाराल तर गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियन अकेशिया पुरे झाले. ऐन, किंजळ, करंज, उंडी, सातवीण इथली आहेत आणि इथला पाऊस-वारा त्यांना माहीत आहे. आंबा-फणस मात्र रस्त्यापासून लांब, नाहीतर माकडं थेट गाड्यांसमोर.

आपण कुठे बोलायचं?

मोठ्या नव्या महामार्गाला पर्यावरण परवानगी लागते आणि त्याआधी जिल्ह्यात जनसुनावणी होते. प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान 30 दिवस आधी नोटीस काढतं आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. समृद्धी महामार्गाच्या वेळी अशा सुनावण्या झाल्या होत्या. तिथे 'आमचा विरोध आहे' किंवा 'आमचा पाठिंबा आहे' एवढंच नोंदवून लोक परत येतात. त्यासोबत गट नंबरसकट लेखी द्या: आमची पाखाडी इथून जाते, पऱ्या इथे रस्ता ओलांडतो, विहिरीचं पाणी या सड्यावरून येतं, पालखीची वाट ही. लेखी दिलेला प्रत्येक मुद्दा इतिवृत्तात जातो आणि अंतिम अहवालात त्याला उत्तर द्यावं लागतं.