अग्निशमन जवानांचे मानसिक आरोग्य : कल्याण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. त्यात अग्निशमन दलाच्या ६६ जणांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. या स्मरणात मृतांना यथोचित मान मिळाला; परंतु जिवंत परतलेल्यांच्या मनावरील आघाताची दखल क्वचितच घेतली गेली.

कल्याण परिसरातील आपत्ती :

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील प्रोबेस कंपनीत भीषण स्फोट झाला. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत अमुदान कंपनीत त्याची पुनरावृत्ती झाली. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेतील एका विहिरीत विषारी वायूने पाच जणांचा बळी घेतला. त्यांपैकी दोघे बचावासाठी उतरलेले अग्निशमन जवान होते. आग विझविणे हा या सेवेचा केवळ एक भाग असून ढिगाऱ्यातून मृतदेह काढणे आणि प्रसंगी सहकाऱ्याचा मृत्यू पाहणे हेही तिच्या वाट्याला येते, हे यावरून स्पष्ट होते.

निद्रा आणि मानसिक थकवा :

रात्रपाळीमुळे शरीराचे जैविक चक्र विस्कळीत होते. घंटा वाजताच गाढ झोपेतून उठावे लागते आणि परतल्यानंतरही शरीर सावधच राहते. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने आघातोत्तर ताणविकारास अधिकृत मान्यता दिली. १९८३ च्या ऑस्ट्रेलियातील वणव्यांशी झुंजलेल्या जवानांचा अलेक्झांडर मॅकफार्लेन यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. काहींमध्ये ही लक्षणे विलंबाने प्रकट झाल्याचे त्यांना आढळले. म्हणजेच घटनेनंतर लगेच धीराने वावरणारा जवान निरोगीच असतो, असे मानता येत नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात कामातून येणारा मानसिक थकवा ही व्यक्तीची व्याधी नसून व्यवसायाशी निगडित स्थिती मानली गेली. परिणामी, प्रश्न व्यक्तीच्या दुर्बलतेचा न राहता सेवेच्या रचनेचा ठरतो.

समारोप :

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने उपचाराचा हक्क मान्य केला आहे. तथापि, जवान स्वतः मागणी करील, या अपेक्षेवर तो सोडणे पुरेसे नाही. मोठ्या दुर्घटनेनंतर सक्तीची विश्रांती, समुपदेशन आणि पुढील काही वर्षे नियमित तपासणी ही सेवेच्या नियमांतच अंतर्भूत असावी. हुतात्म्यांच्या स्मरणास खरा अर्थ जिवंतांच्या जपणुकीतूनच प्राप्त होईल.