कर्णा, तार आणि ओहम

मेहरूणच्या तळ्याकाठी संध्याकाळी उभे राहिलात, तर पलीकडच्या वस्तीतल्या सप्ताहाचा हरिपाठ पाण्यावरून चालत आल्यासारखा कानी पडतो. त्या आवाजामागे एक अँप्लिफायर, दोन तारा आणि एक कर्णा असतो, हे आपण गृहीतच धरतो. पण काल्याच्या कीर्तनाला गर्दी लोटली, कुणी उत्साहाने आणखी दोन कर्णे आणून त्याच तारांना जोडले आणि बुवांनी अभंगाला सुरुवात करताच सारे एकाएकी मुके झाले, असा प्रसंगही तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. "मशीन जळालं," एवढे म्हणून आपण गप्प बसतो. ते का जळाले, या प्रश्नामागे मात्र जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ एका शिक्षकापासून होतो, ही गोष्ट आपल्या गुरुजींना आवडेल. जर्मनीत कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विजेचा दाब वाढला की प्रवाह वाढतो, वाटेतला रोध वाढला की तो कमी होतो, असा त्यांचा साधा नियम. प्रारंभी स्वदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. पुढे उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाला ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ साली इम्पीडन्स हे नाव दिले. मराठीत त्याला संरोध म्हणतात. कर्ण्यावर ८ किंवा १६ ओहम लिहिलेले असते, तो हाच संरोध. मीटर लावला तर ८ ओहमच्या स्पीकरवर सहाच्या आसपास आकडा दिसतो. त्यात बिघाड काही नाही. मीटर सेलच्या सरळ प्रवाहाने मोजतो, आणि आवाजाचा प्रवाह उलटसुलट असतो.

आता कुणी म्हणेल, दोन्हीकडचे ओहम सारखे केले की झाली जुळणी! १८४० च्या सुमारास मोरित्झ याकोबी यांनी असाच सिद्धांत मांडला होता. उगमाचा आतला रोध आणि बाहेरचा रोध समान असला, म्हणजे बाहेर जास्तीत जास्त शक्ती मिळते. सिद्धांत खरा आहे, पण तेव्हा निम्मी शक्ती उगमाच्या पोटातच जळते. त्यावरून डायनॅमोतून निम्म्याहून अधिक शक्ती उपयोगी पडणारच नाही, अशी अनेकांची समजूत झाली. १८८० च्या सुमारास एडिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आतला रोध अगदी कमी ठेवून ती खोटी ठरवली. तेव्हा जुळवणे म्हणजे बरोबरी करणे नव्हे.

लाऊडस्पीकर आला तो विसाव्या शतकात. १९१५ साली अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी कर्ण्यातून आवाज दूरवर पोचवून दाखवला. आपल्याकडे त्याच काळात सभा वाढत होत्या. १९३६ च्या डिसेंबरात तापीपलीकडे आपल्या फैजपूरला खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन झाले. अशा मेळाव्यात नुसत्या गळ्याच्या जोरावर भागत नाही. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओने हे काम अंगावर घेतले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवर गांधीजींचे भाषण लोकांपर्यंत पोचले, ते त्यांच्याच लाऊडस्पीकरांतून.

त्या काळची यंत्रे व्हॉल्व्हची. व्हॉल्व्हला समोर हजारो ओहम लागतात, कर्ण्याजवळ तर मोजून आठ. मध्ये मध्यस्थ हवा. तो म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दोन गुंडाळ्यांतील वेढ्यांचे प्रमाण ३२ ला १ ठेवले, की त्याच्या वर्गाइतके, म्हणजे सुमारे हजारपट, ओहम बदलतात. आठ ओहमचा कर्णा व्हॉल्व्हला आठ हजारांचा वाटतो! या यंत्राचा कर्णा सुटला, तर मात्र ट्रान्सफॉर्मरमधला दाब भलताच चढून तो जळण्याचे भय. म्हणून जुने कारागीर बजावीत, "कर्ण्याशिवाय मशीन चालू करू नको."

१९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे यंत्रेही बदलली. ट्रान्झिस्टर यंत्राचा आतला संरोध फारच थोडा असतो. कर्णा नसला तर ते सहसा निवांत बसते. ओहम कमी झाले, की मात्र त्याच्यावर संकट येते. आठ ओहमचे तीन कर्णे शेजारी शेजारी जोडले, की मिळून पावणेतीनही ओहम उरत नाहीत, आणि प्रवाह तिप्पट होऊ पाहतो. काल्याच्या दिवशी घडले ते हेच. यंत्र बदलले, तसे भयही बदलले. जुना नियम पाठ असलेल्याने नवे भय ओळखले नाही.

दूरच्या कर्ण्यांसाठी शंभर व्होल्टची लाइन हा उत्तम मार्ग. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने शंभर मीटरवर कर्णा नेला, तर जाण्यायेण्याच्या तारेचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास भरतो. आठ ओहमच्या कर्ण्याची जवळजवळ एकतृतीयांश शक्ती वाटेतच खर्ची पडते. दहा वॅटच्या कर्ण्याला शंभर व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असला, तर तो लाइनला हजार ओहमचा दिसतो आणि तारेतला तोटा नगण्य होतो. हिशेबही सोपा : चाळीस वॅटच्या यंत्रावर दहा वॅटचे चार कर्णे, पाचवा नाही.

गुरुजी, पुढच्या सप्ताहाआधी वरच्या वर्गातल्या मुलांना मंडपात न्या. यंत्राच्या पाठीवरचे आकडे त्यांना वाचू द्या, कर्ण्यांचे वॅट आणि ओहम फळ्यावर मांडून बेरीज करू द्या. ओहम गुरुजींचा नियम गावच्या मंडपात कसा उपयोगी पडतो, हे मुलांना तिथे कळेल, आणि काल्याचे कीर्तनही मध्येच थांबणार नाही.