घरातले पुस्तक आणि सरकारचा कायदा

सप्टेंबर २००१च्या अखेरीस केंद्र सरकारने 'सिमी' या संघटनेवर बंदी घातली, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. आमच्या घरातल्या कोणाचाही त्या संघटनेशी कधी संबंध आला नव्हता. तरीही एका रात्री अब्बांनी दादांची पत्र्याची ट्रंक उघडली. आतले जुने उर्दू रिसाले, काही इतिहासाची पुस्तके आणि दोन-तीन शायरीचे दिवान त्यांनी एका गोणीत भरले आणि पहाटे गावाबाहेरच्या विहिरीत सोडून आले. जीर्ण झालेले मजहबी कागद पाण्यात 'ठंडे' करण्याचा रिवाज आपल्याकडे आहेच. पण हे कागद जीर्ण झालेले नव्हते. दादीने विचारले, "त्यात वाईट काय होतं?" अब्बा म्हणाले, "अम्मी, वाईट काही नव्हतं. उर्दू होतं. ज्याला वाचता येत नाही, त्याला कसं पटवून द्यायचं?"

पोलीस आमच्या घरी आले नाहीत. पुस्तके मात्र गेली.

आज आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. ती पुस्तके घरात ठेवणे कोणत्या कायद्याने गुन्हा ठरले असते, हा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही. त्याचे उत्तर शोधताना शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९०८चा जून महिना. त्या महिन्याच्या ८ तारखेला इंग्रज सरकारने एकाच दिवशी दोन कायदे मंजूर केले, एक स्फोटक पदार्थांचा आणि दुसरा वर्तमानपत्रांचा. त्याच महिन्यात दोन संपादक पकडले गेले. मुंबईत लोकमान्य टिळक आणि अलीगढला मौलाना हसरत मोहानी. हसरत हे टिळकांना राजकारणातले आपले गुरू मानत. ही गोष्ट आपल्या मुलांना सांगायला हवी, कारण हसरत त्यांना माहीत असतात ते केवळ गझलेमुळे.

टिळकांवरचा खटला 'केसरी'तील लेखांबद्दल होता. पण पुण्यातील घराच्या झडतीत पोलिसांना एक कार्ड सापडले होते. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. पुस्तके नव्हेत, फक्त नावे! सरकारी वकिलांनी ते कार्ड न्यायालयात पुरावा म्हणून ठेवले. नव्या कायद्यावर टीका लिहायची तर स्फोटक म्हणजे काय हे पाहायला हवे, म्हणून ती नावे टिपून ठेवली, असे टिळकांनी सांगितले. २२ जुलै रोजी सात विरुद्ध दोन मतांनी ज्युरीने त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा लेखांबद्दल होती हे खरे, परंतु माणसाच्या घरातल्या कागदावरून त्याच्या मनातला हेतू ठरवण्याची रीत त्या खटल्यात स्पष्ट दिसते.

हसरत 'उर्दू-ए-मुअल्ला' हा रिसाला काढत. त्यात इजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा लेख लेखकाच्या नावाशिवाय छापला गेला. लेखक कोण, हे सांगण्यास हसरत यांनी नकार दिला आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. दोन वर्षे सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड अशी शिक्षा झाली. तुरुंगात त्यांनी जात्यावर दळण दळले. दंडाच्या वसुलीसाठी त्यांचा ग्रंथसंग्रह लिलावात मातीमोल भावाने गेला. एका लेखाच्या शिक्षेत आयुष्यभर जमवलेली पुस्तके गेली.

याच काळात शिक्षण खात्यातील एका नोकराची गोष्ट घडली. आम्ही शिक्षक असल्याने ती आम्हाला अधिक जवळची वाटते. शाळांची तपासणी करणाऱ्या धनपतराय यांनी 'नवाब राय' या नावाने 'सोज़-ए-वतन' हा पाच उर्दू कथांचा संग्रह १९०८ साली काढला होता. हमीरपूरच्या कलेक्टरने त्यांना बोलावून घेतले, शिल्लक प्रती हवाली करायला लावल्या आणि त्या जाळण्यात आल्या. यापुढे काहीही छापण्यापूर्वी दाखवून मंजुरी घ्यावी, अशी तंबी मिळाली. नवाब राय हे नाव मागे पडले आणि १९१०मध्ये त्याच लेखणीतून 'प्रेमचंद' हे नाव पुढे आले.

इथपर्यंतचा इतिहास सांगायला आपल्याला आवडते, कारण त्यात जुलूम करणारे इंग्रज आहेत आणि सोसणारे आपण आहोत. यापुढचा इतिहास अवघड आहे.

'रंगीला रसूल' या पुस्तकावरून उठलेल्या वादळानंतर १९२७ साली भारतीय दंडविधानात २९५-अ हे कलम घालण्यात आले. हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने धार्मिक भावना दुखावणे हा गुन्हा ठरला. हे कलम आपल्या रक्षणासाठी आले, असे अनेक मुसलमानांना वाटले. पैगंबरसाहेबांची बदनामी झाल्याचे दुःख खरे होते आणि त्या दुःखाची थट्टा आम्ही करणार नाही. पण सहाच वर्षांनी हे कलम कोणावर चालले ते पाहू.

डिसेंबर १९३२मध्ये लखनौला 'अंगारे' हा दहा रचनांचा छोटा संग्रह निघाला. सज्जाद ज़हीर, अहमद अली, रशीद जहाँ आणि महमूदुज़्ज़फर असे चार तरुण लेखक होते. चौघेही मुसलमान घरांतले. रशीद जहाँ व्यवसायाने डॉक्टर. त्यांच्या एका कथेत दिल्ली पाहायला आलेली बुरख्यातली बाई आहे. तिचा नवरा तिला स्टेशनावर सामानापाशी बसवून निघून जातो आणि तिने पाहिलेली दिल्ली म्हणजे तेवढे स्टेशन. संग्रहातील इतर काही कथांची भाषा मजहबी बाबतीत तिखट होती, काही ठिकाणी दुखावणारी होती, हे मान्य केले पाहिजे. मशिदींतून निषेध झाले, वर्तमानपत्रांतून अग्रलेख आले, शिया कॉन्फरन्सने ठराव केला. रशीद जहाँ यांना धमक्या आल्या. बंदीची मागणी इंग्रजांनी केली नव्हती, ती आपण केली होती. १५ मार्च १९३३ रोजी संयुक्त प्रांताच्या सरकारने २९५-अ या कलमाचा आधार घेऊन पुस्तक जप्त केले. पाच प्रती सरकारी दप्तरासाठी ठेवल्या, तीन दिल्लीत आणि दोन लंडनला. बाकीच्या मिळतील तेवढ्या नष्ट केल्या. ज्या पुस्तकावर उर्दू जगात एवढे रणकंदन झाले, ते पुन्हा उर्दूत छापले जायला १९९५ साल उजाडावे लागले. मधल्या बासष्ट वर्षांत त्याला शिव्या देणारे आणि त्याचे गोडवे गाणारे, यांतल्या बहुतेकांनी ते पाहिलेही नव्हते.

एप्रिल १९३६मध्ये लखनौला प्रगतिशील लेखकांची पहिली परिषद भरली. अध्यक्ष प्रेमचंद होते, कामकाज सज्जाद ज़हीर पाहत होते आणि भाषण करायला हसरत मोहानी आले होते. एकाची पुस्तके जाळली गेलेली, दुसऱ्याचे पुस्तक जप्त झालेले, तिसऱ्याचा ग्रंथसंग्रह लिलावात गेलेला. त्यांत पाचवक्त नमाजी होता आणि खुदाला न मानणाराही होता. एकमेकांचे सगळे विचार पटत नसताना ते एका मंडपात बसले. आम्हाला या बैठकीत आजच्यासाठी मोठा धडा दिसतो.

आता आजच्या कायद्याकडे वळू. सरकारला पुस्तकाविरुद्ध दोन वाटांनी जाता येते. पहिली वाट उघड आहे. राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून, कारणे देऊन पुस्तक जप्त ठरवते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९५व्या कलमाखाली होई. १ जुलै २०२४पासून ते नागरिक सुरक्षा संहितेच्या ९८व्या कलमाखाली होते. त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते आणि तीन न्यायाधीश तो प्रश्न ऐकतात. महाराष्ट्रात जेम्स लेन यांच्या शिवचरित्रावरील जानेवारी २००४ची बंदी अशीच न्यायालयात गेली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. उलट, इस्लामवर द्वेषाने लिहिलेल्या एका इंग्रजी पुस्तकावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१०मध्ये योग्य ठरवली. धर्मावर टीका करता येते, पण द्वेष पसरवण्याचा हेतू ही वेगळी गोष्ट आहे, असे न्यायालयाने म्हटले. निकाल पटो वा न पटो, इथे पुस्तक वाचले जाते, कारणे लिहिली जातात आणि दाद मागता येते.

दुसरी वाट अंधारी आहे. पुस्तकावर बंदी नसते, पण ते ज्याच्या घरी सापडते त्याच्याविरुद्ध पुरावा होते. १९६७च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील अनेक खटल्यांत झडतीच्या पंचनाम्यात पुस्तके आणि पत्रके आलेली आहेत. कार्डावरच्या दोन नावांची १९०८ची ती रीत इथे परत भेटते. न्यायालयांनी ती रोखण्याचा प्रयत्न केलेला आहे. बंदी नसलेले साहित्य केवळ जवळ असणे हा गुन्हा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२मध्ये एका जामिनाच्या निकालात म्हटले. २८ जुलै २०२३ रोजी व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. मजकूर हिंसेला प्रेरणा देणारा असला, तरी तो केवळ जवळ बाळगल्याने त्या कायद्यातील दहशतवादाचे गुन्हे सिद्ध होत नाहीत, असे म्हटले. पण हे वाक्य ऐकेपर्यंत त्या दोघांची जवळजवळ पाच वर्षे तुरुंगात गेली होती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. आपले मन दुखावणारे पुस्तक निघाले की आपण बंदी मागतो आणि आपल्या घरातील पुस्तकांकडे कोणी संशयाने पाहिले की स्वातंत्र्याची आठवण काढतो. या दोन गोष्टी एकत्र चालणार नाहीत. सरकारच्या हाती दिलेली काठी कोणाच्या पाठीवर बसेल, हे मागणारा ठरवत नसतो. १९२७ ते १९३३ या सहा वर्षांनी ते दाखवून दिले आहे. दुखावणाऱ्या पुस्तकाला उत्तर द्यावे, मराठीत द्यावे, म्हणजे शेजाऱ्यालाही ते वाचता येईल. हिंसेची चिथावणी देणाऱ्याला शिक्षा व्हावीच, पण ती त्याच्या कृत्याची व्हावी, त्याच्या कपाटाची नव्हे.

दुसरी गोष्ट अब्बांनी दादीला सांगितली होती. 'ज्याला वाचता येत नाही, त्याला कसं पटवून द्यायचं?' हा प्रश्न निम्मा आपल्यावरही आहे. आमच्या वर्गात आम्ही एक उपक्रम सुरू केला आहे. मुले आपापल्या घरातील उर्दू पुस्तकांची यादी करतात आणि प्रत्येक पुस्तकापुढे मराठीत दोन ओळी लिहितात, हे पुस्तक कशाविषयी आहे. गेल्या वर्षी आमच्या घरची यादी करायला आम्ही ट्रंक उघडली. तळाशी एकच दिवान राहिला होता, अब्बांच्या नजरेतून सुटलेला. अब्बांनी चष्मा लावून पहिले पान पाहिले आणि म्हणाले, "हसरतचा आहे. लिही यादीत."