समानता कोठवर पाहावी ?

स्वयंपाकघरांत दोन मिसळणाचे डबे शेजारीं शेजारीं ठेवलेले आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच. परंतु आंतल्या वाट्या पाहिल्यावांचून ते समान म्हणतां येतील काय? संगणकाचा प्रोग्रॅम तपासणाऱ्यापुढें हाच प्रश्न नित्य उभा असतो. चांचणी म्हणजे अपेक्षित उत्तर आणि प्रोग्रॅमनें दिलेलें उत्तर यांची तुलना. आणि हीं उत्तरें पुष्कळदां साधे आंकडे नसून, एकीच्या पोटांत दुसरी अशा वस्तूंचे डबेच असतात.

या प्रश्नाचें चोख उत्तर फार लवकर मिळालें होतें. १९६० सालीं अमेरिकेंत जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प भाषेविषयींचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांत ‘ईक्यू’ ही क्रिया केवळ अविभाज्य घटकांपुरती ठेविली, आणि जोडलेल्या रचनांसाठीं ‘ईक्वल’ ही निराळी योजिली. दोन्ही बाजू अविभाज्य असतील तर ईक्यूनें पाहावें. दोन्ही जोडलेल्या असतील तर पहिला भाग पहिल्याशीं व उरलेला उरलेल्याशीं ताडावा, आणि तेंही ईक्वलनेंच. व्याख्या स्वतःलाच हांक मारीत तळाच्या वाटीपर्यंत पोंचते.

पुढच्या पिढीनें हा धडा गिरविला नाहीं. १९९६ सालीं बाहेर पडलेल्या जावा भाषेंत प्रत्येक ऑब्जेक्टास ‘ईक्वल्स’ ही क्रिया मिळाली खरी; पण निराळी व्याख्या न दिल्यास दोन्ही नांवें एकाच वस्तूचीं आहेत काय, एवढेंच ती पाहते. अ‍ॅरे, म्हणजे ओळीनें मांडलेलीं मूल्यें, यांना तर ती व्याख्या बदलण्याची सोयच नाहीं. तेच आंकडे असलेले दोन अ‍ॅरे तिच्या लेखीं भिन्न ! १९९७ सालीं केंट बेक व एरिक गामा यांनीं झुरिकहून अटलांटास जातांना विमानांत जेयुनिट हें चांचणीचें साधन रचिलें, तेंही याच क्रियेवर विसंबून; त्यामुळें बिनचूक उत्तरही नापास ठरूं शके. एकांत एक अ‍ॅरे तळापर्यंत ताडणारी ‘डीपईक्वल्स’ जावांत आली २००४ सालीं. मॅकार्थींच्या निबंधानंतर चव्वेचाळीस वर्षांनीं.

उलट दिशेची चूक अधिक घातक. २००९ सालीं निघालेल्या नोडमधील ‘डीपईक्वल’ तळापर्यंत जाते खरी, पण तेथें ढिली पडते: १ हा आंकडा आणि ‘१’ हें अक्षर तिला समान वाटतात. पुढें त्यांत १ मिळविला तर आंकड्याचे २ होतात, अक्षराचे ११. चांचणी मात्र उत्तीर्ण. २०१५ सालीं प्रकारही पाहणारी ‘डीपस्ट्रिक्टईक्वल’ आली. जुन्या क्रियेवर विसंबलेले प्रोग्रॅम मोडूं नयेत म्हणून तीही त्याच नांवानें अद्यापि तेथेंच आहे.