पाचव्या कलमाची कुळकथा

‘एकावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला’ हे नाटो कराराच्या पाचव्या कलमाचं सार. त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण युरोपात नाही, मेक्सिको सिटीत पोहोचतो. मार्च १९४५ मध्ये तिथल्या चापुल्तेपेक किल्ल्यात अमेरिका खंडातल्या देशांनी हेच एकमेकांना वचन दिलं होतं. काही आठवड्यांतच सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद घडू लागली. सुरक्षा परिषदेत एखाद्या बड्या देशाने नकाराधिकार वापरला, तर आमच्या वचनाचं काय, असं लॅटिन अमेरिकी देशांनी विचारलं. त्या आग्रहातूनच सामूहिक स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करणारं ५१ वं कलम सनदेत आलं. पुढच्या साऱ्या लष्करी करारांना कायद्याचा आधार मिळाला तो तिथे.

फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि पश्चिम युरोप हादरला. मार्चमध्ये ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रसेल्समध्ये करार केला. त्यात हल्ला झालेल्या देशाला शक्य ती सारी लष्करी मदत देणं बंधनकारक होतं. अमेरिकेकडूनही त्यांना असाच शब्द हवा होता. पण तिथे युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिलेला. आपोआप युद्धात ओढलं जाणं सिनेटर कॉनली आणि व्हँडेनबर्ग यांना मुळीच मान्य नव्हतं. शेवटी ठरलं, की प्रत्येक देशाने स्वतःला आवश्यक वाटेल ती कारवाई करावी. त्यात शस्त्रबळही आलं. ४ एप्रिल १९४९ रोजी बारा देशांनी सह्या केल्या. ‘आवश्यक वाटेल ती कारवाई’ ही पळवाट आहे असं अनेकजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. याहून कडक मजकूर सिनेटने फेटाळला असता आणि युरोपच्या हाती काहीच उरलं नसतं.

पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्याचा संबंध येतो तो याच कराराच्या सहाव्या कलमाशी. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, पण या कलमाने संरक्षणाची हद्द युरोप, उत्तर अमेरिका, फ्रेंच अल्जिरिया आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या अटलांटिकपुरती आखली होती. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान या नाटो सदस्यांनी सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव मांडला. सोव्हिएत संघाने तो नकाराधिकाराने अडवला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या मदतीला नाटोची फौज मात्र आली नाही.

पाचवं कलम आजवर एकदाच लागू झालं, आदल्या दिवशीच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर १२ सप्टेंबर २००१ रोजी, तेही अमेरिकेसाठी. नाटोची रडार विमानं मे २००२ पर्यंत अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती. त्यांवर तेरा देशांचे ८३० कर्मचारी होते.